सिस्टर, ‘मी’ म्हणूनच वाचा

सोमवार, १६ नोव्हेंबर
हॉटेलची खोली, सहावा मजला

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार घालायला या खोलीत जागा नाही, उभ्यानेच करते. तू बरी असशील. असायलाच हवीस, कारण नुसतं पडून राहायचा धीर तुझ्यात नाही हे मला चांगलं माहीत आहे.

सिस्टर, तुम्हालाही नमस्कार. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, मास्कमुळे आईला चष्मा लावता येत नाही, म्हणून पत्र तुम्ही वाचून दाखवाल. वॉर्डात मोबाइल नेऊ देत नाहीत, आणि नेला असता तरी त्या ऑक्सिजनच्या फुसफुशीत तिला काय ऐकू येणार! तेव्हा त्रास तुम्हालाच. एक विनंती मात्र आहे. वाचताना ‘तुमची मुलगी असं म्हणते’ वगैरे मध्ये घालू नका. मी ‘मी’ लिहिलंय तिथे तुम्ही ‘मी’च म्हणा. आम्हा दुभाष्यांच्या धंद्यात तसंच असतं. कुठला राष्ट्राध्यक्ष म्हणाला ‘मला सर्दी झालीय’, तर मी ‘त्यांना सर्दी झालीय’ म्हणत नाही. ‘मला सर्दी झालीय’ म्हणते आणि पुढे जाते. आई, हसू नकोस, खोकला येईल.

आता इथला वैताग ऐक. दोन वर्षं त्या नव्या सभागृहाचं काम चाललं होतं. जगातले बडे बडे अर्थमंत्री आपल्याकडे येणार, परिषद होणार, आम्हा दुभाष्यांसाठी मागच्या बाजूला काचेच्या खोल्या. मी तिथल्या खुर्चीवर बसूनसुद्धा आले होते. खुर्ची फिरते म्हणून तुला सांगितलं होतं, आठवतं? आणि आता ही साथ. सगळं पडद्यावर. पाहुणे आपापल्या देशात, आपापल्या घरात, वरून कोट आणि खाली काय घातलंय देव जाणे. ते मोकळे, आणि आम्ही हॉटेलात कोंडलेले! का, तर घरची लाइन तुटते आणि घरात कुणी आजारी पडलं तर पंचाईत. एका खोलीत एकच माणूस. जेवणाचा ट्रे दाराबाहेर ठेवतात, टकटक करतात आणि मी दार उघडायच्या आत पळून जातात. सूप रोज गार. पाव मात्र कडक, दोन दिवस टिकेल असा.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर. सिस्टर, मास्तर म्हणजे माझे जोडीदार. वीस वर्षं आम्ही एका काचेच्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसलो. अर्धा तास मी बोलायचं, अर्धा तास त्यांनी. मी बोलत असले की ते आकडे लिहून समोर सरकवायचे, पाण्याचा ग्लास पुढे करायचे, आणि मी वाहवत गेले की खालून पायावर पाय द्यायचे. आता तिसऱ्या मजल्यावरून पाय कसा देणार?

आमच्या डोक्यावर एक संयोजक आहेत. मी आणि मास्तर त्यांना सूचनासाहेब म्हणतो, कारण हा माणूस सूचनेशिवाय दुसरं काही बोलतच नाही. पडद्याकडे बघून हसू नये. चहा पिताना कपाचा आवाज करू नये. त्यांना मी एकच गोष्ट सांगितली. आमच्या काचेच्या खोलीत समोर दिवा असतो. तो लाल असला की तुमचा आवाज जगभर चाललाय, सांभाळून. वीस वर्षं लाल दिसला की मी खोकलासुद्धा गिळत आले. आणि या लॅपटॉपवर सगळं उलटं! माइकच्या खुणेवर लाल रेघ आली म्हणजे माइक बंद. मी म्हटलं, साहेब, हे बदलून मिळेल का? म्हणाले, ‘सवय होईल मॅडम.’ कपाळ त्यांचं.

आज सराव झाला. एका देशाला त्यांच्या मंत्र्याची चौकट वरच्या ओळीत हवी. पण कुणी बोललं की चौकटी आपोआप जागा बदलतात, त्याला कोण काय करणार? त्यावर तासभर वाद झाला आणि तो सगळा वाद आम्ही भाषांतरित केला. दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा माझ्या तोंडून कुठलं वाक्य गेलं सांगू? ‘माझा आवाज येतोय का?’ जागतिक अर्थव्यवस्थेचं आजच्या दिवसात एवढंच ठरलं.

काका सांगत होते, संध्याकाळी पाच वाजता नातेवाईक वॉर्डाखालच्या अंगणात येऊन उभे राहतात आणि पेशंट खिडकीतून हात हलवतात. तू उगाच खिडकीशी बसू नकोस, वारा लागेल. मला इथून सोडत नाहीत. परिषद गुरुवारी संपते. शुक्रवारी पाचला मी खाली हजर. शनिवारी अॅम्ब्युलन्समधून फोनवर तूच म्हणालीस ना, ‘माझं काही नाही, तू तुझी वेळ चुकवू नकोस’? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळा जन्म लोकांच्या लाइनी जोडल्यास आणि मला शिकवलंस की लाइनवर असताना आपल्याला घरदार नसतं. मग आता लाइनवरच आहे मी.

जेवत जा. सिस्टरांशी हुज्जत घालू नकोस.

तुझी,
भोंगा

(सिस्टर, सही तशीच वाचा. लहानपणी मी रडायला लागले की अख्खी गल्ली जागी व्हायची, तेव्हापासून घरात माझं हेच नाव.)


बुधवार, १८ नोव्हेंबर
सकाळी, चहा गार होत असताना

आई,

नमस्कार, आणि पहिलं भांडण. तू रोज पाच वाजता खिडकीकडे तोंड करून बसतेस असं सिस्टरांनी काकांजवळ सांगितलंय. ‘भोंगा आला का’ असं विचारतेस म्हणे. मी शुक्रवार लिहिलं होतं की नाही? बसू नकोस म्हणाले होते की नाही? पण माझं ऐकायचंच नाही असं तू ठरवलेलंच आहेस. जेवण निम्मं परत जातं असंही कळलं. ते का? गार असतं म्हणून? इथेही गारच असतं, मी खातेय ना?

चिडले, जाऊ दे. काल पहिला दिवस पार पडला. नाकी नऊ आले. निम्म्या मंत्र्यांनी भाषणं आधीच रेकॉर्ड करून पाठवली. समोर माणूस असला तर जरा हळू बोला म्हणून निरोप देता येतो, रेकॉर्डला काय सांगणार? तो आपला सुसाट. मास्तर बिचारे फोनवर मेसेज करून आकडे पाठवतात. बत्तीस टक्के माझ्या तोंडून निघून गेले की मग त्यांचा ‘३२’ येतो. एका मंत्र्याचं कुत्रं भुंकायला लागलं. मी तेवढं भाषांतरातून सोडून दिलं.

संध्याकाळी आपल्या अर्थमंत्र्यांनी दिवसाचा समारोप केला. यंदा परिषदेचे अध्यक्ष तेच आहेत. वयस्कर आहेत, हळू बोलतात, बरं वाटतं ऐकायला. ते म्हणाले, दुभाष्यांचे आवाज स्वच्छ होते, त्यांचे आभार. तुला सांगण्यासारखं म्हणून लिहितेय. तू शेजारपाजारी सांगून ठेवलंयस ना, माझी मुलगी जगाशी बोलणार म्हणून? तर बोलले. नंतर लॅपटॉप बंद केला आणि खोलीत टाळी वाजवायलाही कुणी नव्हतं. भिंतीकडे बघत पाव खाल्ला.

सिस्टर, आता पुढचा परिच्छेद तुमच्यापुरता. मोठ्याने वाचू नका.

आम्हाला कोंडलंय हे खरं, पण दाराला कुलूप नाही. रविवारी सूचनासाहेबांनी सगळ्यांना पडद्यावर बोलावून विचारलं होतं, कुणाच्या घरी आजारपण असेल तर आत्ताच सांगा, बदली माणूस तयार आहे, फक्त गेलात की परत आत येता येणार नाही. आदल्याच दिवशी आईला तुमच्याकडे आणलं होतं. मास्तरांना ते माहीत होतं. सगळे आपापल्या चौकटीत गप्प होते आणि मीही गप्प बसले. साथ आल्यापासून मला एक काम मिळालेलं नाही. हे मिळालं, आणि तेही मुख्य खुर्ची, आयुष्यात पहिल्यांदा. यातून उठले तर पुन्हा कोणी बोलावणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. आईला वाटतं, मला सोडत नाहीत. तिला तसंच वाटू दे. तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटो. तुम्ही तिकडे रोज काय बघत असाल त्यापुढे मी काय बोलणार? पण तिची तब्येत खरोखर खालावली तर कळवा. नंबर काकांकडे दिलाय. कामाच्या वेळीसुद्धा करा, फोन मी समोरच ठेवते.

इथून पुन्हा मोठ्याने.

तर आई, शुक्रवार काही लांब नाही. तोवर खिडकीशी बसायचंच असेल तर निदान शाल घेऊन बस. कपड्यांच्या पिशवीत काकांनी ती राखाडी दिलीय, टोचते ती. टोचली तरी घे.

तुझी,
भोंगा


गुरुवार, १९ नोव्हेंबर
वॉर्डाखालचं अंगण, पाण्याच्या टाकीजवळ

आई,

नमस्कार वगैरे राहू दे आज. वॉचमन वर सोडत नाही. भांडून पाहिलं, पाया पडायचं बाकी ठेवलं. एवढा कागद वर पोहोचवतो म्हणाला, म्हणून टाकीच्या कट्ट्यावर बसून लिहितेय. हॉटेलचाच कागद आहे, वर त्यांचं चित्र आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

सिस्टर, आज काहीही गाळू नका. काल तुम्हाला म्हटलं होतं ना, हे मोठ्याने वाचू नका? ते आज तिला सांगून टाका. की मीच सांगू? आई, मला सोडत होते. मीच निघाले नाही. रविवारपासून रोज निघू शकत होते.

आता आज दुपारी काय झालं ते ऐक. तुझ्याच कानावर घालायला हवं, कारण माइकची कळ न बघता तोंड उघडलं म्हणून मला झापायचा हक्क तुझाच आहे.

माझा अर्धा तास संपला, मास्तरांची पाळी सुरू झाली. एका लांबच्या देशाच्या अर्थमंत्री, बाई आहेत, मालवाहू जहाजांचे आकडे वाचत होत्या. मी माइक बंद केला. नीट बंद केला. तेवढ्यात सिस्टर, तुमचा फोन आला. मी लॅपटॉपकडे पाहिलं आणि खुणेवर लाल दिसलं. वीस वर्षांची सवय, लाल म्हणजे चालू! बंद करायला म्हणून कळ दाबली, लाल गेलं, आणि हुश्श करून मी फोन कानाला लावला. म्हणजे बंद असलेला माइक मी माझ्या हाताने चालू केला. साहेबांना सोमवारीच सांगितलं होतं. पण आता त्यांच्या नावाने बोटं मोडून काय उपयोग?

त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर मास्तरांची लाइन तुटली होती. ती तुटू नये म्हणून आम्हाला हॉटेलात कोंडलं होतं ना, तीच. म्हणजे आपल्या भाषेत जे कुणी ऐकत होते, त्यांना फक्त माझा आवाज. सिस्टर तिकडून म्हणाल्या, आई सकाळपासून डोळे उघडत नाहीत, मोठ्या मशीनवर घ्यायचं चाललंय, येऊन निदान खाली तरी उभ्या राहा. आणि मी काय म्हणाले? शब्दन् शब्द आठवतोय. म्हणाले, ‘आईला म्हणावं एक दिवस कळ काढ. मला येता येत नाही हो. आत्ता उठले तर मला परत कुणी उभं करणार नाही. हे तिला सांगू नका. तिला म्हणावं, शुक्रवारी.’

पडद्यावर त्या बाईंचे ओठ हलतायत आणि आवाज माझा. दुभाषी नेहमी ‘मी’च म्हणते ना? तर सगळ्यांना वाटलं, बाईच बोलतायत. आपल्या अध्यक्षांनी चष्मा काढला. खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं यांना काय झालं. मग ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही आधी आईकडे जा. जहाजांचं आपण नंतरही बोलू.’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माइक माझाच चालू होता.

त्यांचं बोलणं दुसऱ्या दुभाष्यांनी त्या बाईंपर्यंत पोहोचवलं. जहाजं वाचता वाचता ‘आईकडे जा’! बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. इकडे सूचनासाहेबांचे मेसेज येऊ लागले. तांत्रिक बिघाड म्हणून निभावून नेऊ. मास्तरांची लाइन अजून नाही. तुमचं काही बिघडलेलं नाही, बसून राहा, बाई बोलल्या की बोला. मॅडम, बोला. म्हणजे बघ, माझी खुर्ची अजून माझीच होती. एक वाक्य बोलायचं आणि पुढे चालू पडायचं, इतकंच.

आणि बाई बोलल्या. कशाला बोलल्या त्या! म्हणाल्या, ‘माझी आई गेली. मार्चमध्ये. मी तेव्हा अशाच एका बैठकीत होते.’

मी तोंड उघडलं. ‘माझी’ एवढं म्हणाले, आणि पुढे शब्द फुटेना. आई, वीस वर्षांत लोकांची केवढी खोटी वाक्यं मी माझी म्हणून बोलले आहे. ‘मला अतिशय आनंद होत आहे’, ‘मी मनापासून आभारी आहे’. कधी अडलं नाही. पण हे माझ्या तोंडाने मला म्हणायचं नव्हतं. म्हटलं तर खरं होईल अशी भीती वाटली. शिकलीसवरलेली बाई मी, तरी वाटली. लाइनवर असताना घरदार नसतं हे तूच शिकवलंस, पण आज ते मला जमलं नाही. आणि खरं सांगू, शनिवारपासून मी ते सारखं घोकत होते आणि आता मला त्याचा संताप येतोय. तुझाही येतोय. ‘वेळ चुकवू नकोस’ कशाला म्हणालीस? ‘ये’ म्हणायला काय झालं होतं तुला? आणि तू नाही म्हणालीस म्हणून काय झालं, मला कळू नये?

हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यातून साहेबांचा आवाज येत होता, बारीक, ‘मॅडम, मॅडम’. पर्स घेतली, चपला घातल्या. लिफ्टला थांबायचाही धीर नव्हता, जिन्यानेच उतरले. तिसऱ्या मजल्यावर मास्तरांचा फोन आला. त्यांची लाइन परत आली होती. एवढंच म्हणाले, ‘तुझं वाक्य मी घेतलं. तू जा.’ आणि ठेवला. त्यांच्या दाराबाहेर ट्रे तसाच पडला होता. मी ठोठावलं नाही, ते बोलत असणार.

खाली साहेब उभे होते, मास्क नाकाखाली आलेला. ‘एवढ्यासाठी तुम्ही सगळं घालवलंत’ म्हणाले. मी म्हटलं, ‘हो.’

आणि आता ही मी इथे. शुक्रवारच्या आदल्याच दिवशी. आजूबाजूला पुष्कळ माणसं आहेत, सगळ्यांच्या माना वर. एक बाई नवऱ्याला नवा फ्रॉक घातलेली मुलगी उचलून दाखवतेय. वॉचमनने तुझी खिडकी कुठली ते सांगितलं, तिसरी, पडदा अर्धा ओढलेली. तिथे कुणी बसलेलं नाही.

सिस्टर, आता तुम्हाला सांगते. तुम्ही फोनवर म्हणालात की तिचे डोळे बंद आहेत पण कान चालू असतील. कान चालूच असणार. ती सगळा जन्म कानांवर जगली. तेव्हा हा कागद तिच्या कानाशी नेऊन वाचा. तिचा हात हातात घ्या, आणि ‘मुलगी आलीय’ असं म्हणू नका. म्हणा, ‘आई, मी आले.’ तुमची आई कोण, कुठे, मला माहीत नाही, तुम्हाला हे म्हणताना काय होईल तेही माहीत नाही. आज मला जे जमलं नाही ते मी तुमच्याकडे मागतेय, हे कळतंय मला. तरी मागतेय.

वाचा. आई, मी आले. मी खाली उभी आहे. मी उशिरा आले. मला तू हवी आहेस.

बस, सिस्टर, एवढंच. आता कागद खाली ठेवा आणि ती खिडकी उघडा. वारा लागू दे. कुणी नको म्हणालं तरी उघडा, पूर्ण उघडा, आणि बाजूला व्हा. इथून पुढचं मी माझ्या तोंडाने बोलते. वॉचमन ओरडेल, ओरडू दे, माझ्यापुढे त्याचा आवाज काय टिकणार!

आई, हाक मारतेय.

तुझा,
गल्ली जागी करणारा
भोंगा